सहावी म्हैस

विश्वंभरने म्हशीचा खालचा ओठ अंगठ्याने ओढला आणि तसाच वाकून राहिला. पुढचे दात पार हिरड्यांपर्यंत झिजले होते.

म्हैस त्याची नव्हती. सीपरी बाजारातला दूधवाला जयसिंग पावसाळा लागला की आटलेल्या गाभण म्हशी त्याच्याकडे आणून सोडी. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून विश्वंभर त्यांना पहूज नदीच्या काठी चारी आणि दसऱ्यानंतर अंगाने भरलेल्या परत देई. यंदा सहा होत्या. पाच जणींच्या पाठी तुकतुकीत झाल्या. सहावी गवत तोंडात नुसतं घोळवी आणि अर्धवट चावलेले बोळे खाली टाकी.

दात गेलेली म्हैस जयसिंग ठेवत नसे. खाटकाच्या दलालाच्या गाडीत चढवी.

त्या दिवसापासून विश्वंभर कोवळं गवत कापून आणू लागला आणि अंगणात बसून विळ्याने बारीक चिरू लागला. संध्याकाळी त्याची मनगटं वळत नसत. यमुनाबाई म्हणाली, लग्नाच्या चाळीस वर्षांत मला कुणी काकडीसुद्धा चिरून दिली नाही. एरवी तो हसला असता. हा शेवटचा हंगाम, असं दोघांचं ठरलं होतं. दिवाळी झाली की मुलगा, अमित, त्यांना नागपूरला नेणार होता.

दसरा झाला आणि जयसिंग आला. पाचींच्या पाठीवरून हात फिरवत खूश झाला. सहावीपाशी थांबला. तिची हाडं अजून दिसत होती, पण त्यांवर थोडं मांस धरलं होतं.

"बाबूजी, इसके दाँत तो ठीक हैं?"

"ठीक हैं. नखरे बहुत हैं."

जयसिंगने तिच्या जबड्याकडे हात नेला. मग त्याची नजर विश्वंभरच्या बोटांवर गेली. हिरवी पडलेली, जागोजाग चिरलेली. त्याने हात मागे घेतला.

"तो रख लेते हैं. पर अगली बरसात में आप ही के पास छोड़ूँगा. और किसी से नहीं पलेगी ये."

यमुनाबाई दारात उभी होती. विश्वंभरने तिकडे पाहिलं नाही. म्हशीच्या डोळ्यापाशी बसलेली माशी हाकलली.

"ले आना," तो म्हणाला.

म्हशी गेल्यावर तो पायरीवर बसला. यमुनाबाईने पाण्याचा तांब्या शेजारी आणून ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"अमितला तुम्हीच सांगा," ती म्हणाली.