बूक लागते

मित्रांनो, मी पत्र्याची जुनी पेटी आहे. अंगावर निळा रंग, वर चिठ्ठी आत सोडायला एक फट, पुढे छोटे दार आणि दाराला पितळी कुलूप. कपाळावर 'तक्रारपेटी' असे लिहिले आहे. सांगितलेले पोटात ठेवायचे आणि योग्य माणसापुढेच पोट उघडायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म बोईसरच्या कारखान्यांमधल्या एका शेडमध्ये झाला. धर्माजी नावाच्या वेल्डरने रिकाम्या पिंपाचा पत्रा कापून मला जोडले. फटीची कड तो कितीतरी वेळ कानशीने घासत बसला होता. "पोरांच्या हाताला लागाला नको," असे तो म्हणाला. मुलांची एवढी काळजी करणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

तिथून मी कुंभवलीजवळच्या 'सुवळण' केंद्रात आले. शाळा सोडलेली, मोबाइलच्या नादी लागलेली, नशेत सापडलेली, घरी कुणाला न जुमानणारी मुले तिथे सहा-सहा महिने ठेवत. केंद्राचे प्रमुख चंद्रभान सर. आईबापांशी बोलताना त्यांच्या जिभेवर साखर असे. पंचेचाळीस दिवस भेटायचे नाही, फोन करायचा नाही, ही त्यांची पहिली अट. एकदा आईबाप फाटकाबाहेर गेले, की साखर संपली. उलट उत्तर दिले, अंथरूण वाकडे घातले, नुसते रडू आले, तरी मुलाचे जेवण बंद. या शिक्षेला ते 'शिस्तीचा उपास' म्हणत. तो कधी सोडायचा, हेही तेच ठरवत.

मला फक्त तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनीच उघडायचे, असा नियम होता. पण चावी होती सरांच्या जुडग्यात! दर शनिवारी ते मला उघडत, अक्षरावरून मूल ओळखत आणि त्याला भर उन्हात अंगणात पळवत. दोन महिन्यांत मुले शहाणी झाली. माझ्या पोटात एक पाल राहायला आली. पाहुणे म्हणत, "वा! पेटी आहे आणि एकही तक्रार नाही!" हेच माझे कौतुक. मित्रांनो, मला त्याची अजून लाज वाटते.

मग हेमाली आली. चिंचणीची, पंधरा वर्षांची. वडील रूपेश मासेमारीच्या होडीवर जाणारे. वर्गात तिच्या बोलीची नक्कल व्हायची, म्हणून तिने शाळेत जाणेच सोडले होते. घरी कुणी काही बोलले, की ती भांडी फेकायची. शेवटी बापाने हात टेकले आणि तिला इथे आणून सोडले. जाताना तिने मागून हाक मारली, तरी तो वळला नाही. वळायचे नाही, असे सरांनी त्याला बजावले होते.

पहिल्या आठवड्यात तिला दोन उपास घडले. तिसऱ्या आठवड्यात तर सलग दोन दिवस. त्यातच तपासणी आली. तारीख सरांना आधीच फोनवर कळलेली असे. त्यांनी सकाळी मला उघडून आत डोकावले, बाहेरून पुसले आणि चावी टेबलावर दिसेल अशी ठेवली. पाहुण्यांसाठी शिरा शिजत होता. त्याचा वास व्हरांड्यात आला, तशी हेमाली माझ्यापाशी आली आणि वहीचा एक तुकडा फटीतून आत सोडून गेली.

तपासणीच्या बाई लांबच्या शहरातून बदलून आलेल्या. मनाने चांगल्या. त्यांनी मला उघडले आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. "आमाला बूक लागते. कोन देत नाय."

"कुणी लिहिलं हे? घाबरू नका."

हेमाली पुढे झाली. सरही पुढे झाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बुक लागतं तुला?"

"हां बाई. बूक लागते."

"खूप?"

"जाम लागते. सगल्यांना लागते."

बाईंचे डोळे पाणावले. "उद्याच पाठवते हं," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकीण ठकी शिऱ्याच्या बशा घेऊन दारात उभी होती. ती याच भागातली. तिच्या घरीही बूकच लागते, भूक लागत नाही. तिला सगळे समजले. तिने एकदा सरांकडे पाहिले, बशा मांडल्या आणि आत गेली. सरांनाही समजले होते. ते ओठ दाबून हसू गिळत होते.

"बाईला समजलं," हेमाली सगळ्यांना सांगत सुटली. "उद्या येनार हाय!"

दुसऱ्या दिवशी खरेच एक मोठा खोका आला. मुले धावली. हेमालीने दोरी दातांनी तोडली. आत पुस्तके होती, गोष्टींची, रंगीत चित्रांची, कोरी करकरीत. तिने पार तळापर्यंत हात घालून पाहिले.

"बूक मागितलं होतंस ना?" सर म्हणाले. "घे. खा आता."

ती चिठ्ठी त्यांनी काचेत मढवून माझ्या शेजारी टांगली आणि खाली लिहिले, 'मुलांना लागलेली वाचनाची गोडी'. हेमालीला पुन्हा उपास, आणि वर अंगणात फेऱ्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर पडली. "नाटकं करते," असे सर म्हणाले, म्हणून ऊन उतरेपर्यंत तिला कुणी हात लावला नाही. उचलले तेव्हा ती गेलेली होती. मी चार पावलांवर होते. मला तोंड आहे, पण ते फक्त आत घेण्यापुरते.

कागदोपत्री हृदयाचा जुना आजार निघाला. आठ दिवसांनी रूपेश तिची पिशवी न्यायला आला. काचेसमोर तो थबकला आणि एकेक अक्षर लावत वाचू लागला.

"अक्षर माज्या पोरीचं हाय."

"हो ना, वाचनाची फार आवड होती तिला," सर म्हणाले.

रूपेशने पुन्हा वाचले. या वेळी मोठ्याने.

"ही पुस्तकाची बूक नाय साहेब. पोटाची बूक हाय. माजी पोर जेवाला मागत व्हती." मग तो माझ्याखाली जमिनीवरच बसला. "आमचे घरात पोर बूक बोलली का तिची आय हातातलं काम टाकून उठते."

गवगवा झाला, चौकशी बसली, केंद्राला टाळे लागले. चार महिन्यांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाची पाटी लागली. सर तेच. मीही तीच, फक्त रंग नवा. चावी पुन्हा त्याच जुडग्यात.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी तपासणीला आलाच, तर न कळवता या. माझी चावी स्वतःजवळ ठेवा. मुलांशी बोलताना सरांना बाहेर उभे करा. एखादा शब्द अशुद्ध वाटला, तर मनाने सुधारून वाचू नका. त्या शब्दाला घरी काय म्हणतात, ते मुलाला विचारा. आणि आधी स्वयंपाकघरात जाऊन पातेली उघडून पाहा.

जमले तर लवकर या. आज सकाळी माझ्यात एक चिठ्ठी पडली आहे, आणि उद्या शनिवार आहे.