दसऱ्याचा धागा

मी आंब्यावर लटकलो होतो आणि मला ना वर जाता येत होतं, ना खाली. हात लांब केला तरी खोड हाताला लागत नव्हतं. वाळक्या फांदीकडे जायला झोका घेऊन मीच लांब आलो होतो, शहाणपणा करत.

झाडं छाटायचं काम मी जन्मभर केलं. आधी काथ्याच्या दोरीने, मग पट्ट्याने, मग जाड दोरीवर बारीक दोरीचा फास गुंडाळून. तो फास वजन पडलं की आवळतो, मोकळा केला की सरकतो. हाताची सालं निघायची, पण मेल्याने कधी दगा दिला नाही. गेल्या वर्षी मुंबईहून माझ्या मेव्हण्याने, विनोदने, हे मशीन आणलं. दोरी त्याच्या आतून जाते. चढताना ते आपोआप सरकतं, थांबलं की धरून ठेवतं, उतरायला नुसती मूठ दाबायची. मी त्याच्या प्रेमातच पडलो. फास पिशवीत गेला तो गेलाच.

दसऱ्याला मालनने, माझ्या बायकोने, कोयतीबरोबर मशीनचीही पूजा केली. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि कडीला लाल धागा बांधला. झेंडू मी काढला. धागा नाही काढला. देवाचं नाव घेऊन बांधलेला धागा आमच्यात कोणी तोडत नाही, तो झिजून आपला आपण गळायचा. अशा यंत्राजवळ सुतळीचा तुकडाही नको, हे मला चांगलं कळत होतं. तरी हात धजावला नाही.

आणि आज, मिरजोळ्यातल्या या घरावर झुकलेल्या रायवळ आंब्यावर, मी मूठ दाबली तर मशीन ढिम्म. बघतो तर धाग्याचं टोक दोरीबरोबर आत गेलेलं, आणि माझं सगळं वजन त्याच्यावर. कमरेला कोयती होती, पण ताणलेल्या दोरीला धार नुसती टेकली तरी खेळ खलास. वजन काढल्याशिवाय काही सुटणार नव्हतं, आणि वजन काढायला पायाखाली काही नव्हतं. पट्टा मांड्यांत रुतत होता. पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. तेव्हा मी घाबरलो, साफ घाबरलो.

"काय झाला वो?" खालून मालन ओरडली. खालची दोरी सांभाळायला कायम तीच असते.

खरं सांगितलं असतं तर तिने तिथेच बसकण मारली असती. मी म्हटलं, "पंच्याची दशी अडकली गो! पिशवीतला फास दोरीच्या टोकाला बांध!"

तिने वासराच्या दाव्याला मारते तशी गाठ मारली. दोरी मी वर ओढून घेतली. मशीनच्या वर फास गुंडाळला, खाली सोडलेल्या त्याच्या लांब वेढ्यात हाताने उचलून पाय घातला आणि उभा राहिलो. पाय लाकडासारखा. दुमडला. पुन्हा लटकलो. खाली मालन ग्रामदेवीला मोठमोठ्याने विनवत होती, आणि मला त्या देवीचाच राग येत होता.

"आरडू नको गो!" मी ओरडलो, आणि त्या रागातच पुन्हा उभा राहिलो. या वेळी पाय टिकला. वजन सुटलं, मशीन सैल झालं. धागा ओढून काढला. उतरलो तो सरळ जमिनीवर आडवा झालो.

मालनने पाणी पाजलं. मग मशीन हातात घेतलं आणि आतला लाल तंतू चिमटीत धरून बघत राहिली.

"तुमचा पंचा तं पांढरा हाय."

मी पंच्याने तोंड पुसायला लागलो.

"वर जीव टांगलेला, आनि खोटा कसला बोलता?"

"तू बांधला होतास," मी म्हटलं. "कसा तोडू?"

माझ्या कमरेची कोयती उपसून तिने कडीला उरलेली गाठ कापली. मी "ऱ्हावंदे, ऱ्हावंदे" म्हणत राहिलो. कापलेला धागा तिने कनवटीला खोचला. मग तो जुना फास उचलला. कुंकू जवळ नव्हतं, म्हणून बोटाने लाल माती लावली आणि फास माझ्या कमरेला अडकवला.

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.