अकरावं मेंढरू

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मुठीत मावेल एवढं काळ्या लोकरीचं मेंढरू बसथांब्याच्या बाकावर उभं होतं — गळ्यात लाल दोरा, एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित लांब — आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला वच्छलाबाई गुडघा चोळत बसल्या होत्या. रोज नातीला, प्रांजलीला, शाळेच्या रिक्षात बसवलं की मेंढरू ठेवून त्या मागं न बघता घरी जात. दुपारी येऊन पाहावं तर बाक रिकामा. आज गुडघ्यानं उठू दिलं नाही.

कल्पना प्रांजलीची. लोक हातानं काहीबाही करतात, कुठंतरी ठेवून देतात, सापडेल त्याचं — तिनं मोबाइलवर दाखवलं होतं. चिठ्ठी लिहून देते म्हणाली. वच्छलाबाई नको म्हणाल्या, देणाऱ्यानं नाव सांगू नये. लोकर घरचीच, नवऱ्यानं, खंडेरावांनी, मरायच्या आधी कातरलेली शेवटची. कळप गेला, मुलाच्या फ्लॅटच्या गॅलरीत पोतं तेवढं उरलं, तेही घट्ट बांधलेलं, कारण सुनेला वास येई. दहा मेंढरं लोकांनी नेली होती. दुपारी आडव्या झाल्या की त्या एकेकाला घर देत... एक ट्रकच्या आरशाला झुलतंय, एक कुणाच्या पाळण्यावर...

वाळूजच्या कंपनीबसची वाट बघणारे चौघं बाकापाशी आले.

"आरं, भानामती हाय ही!"

"मग लिंबू कुठंय?"

"महाग झालं असंल."

हसले सगळे, पण बसलं कुणीच नाही.

"रोज एक ठिवतंय कुणीतरी. कडूबा झाडलोट करतो ना हितं, त्यो काडीच लावतो त्याला. दहा तरी जाळली असतील."

वच्छलाबाईंचा हात गुडघ्यावरच थांबला. नव्या कोकराच्या गळ्यात लाल दोरा बांधायचा, दृष्ट लागू नये म्हणून — त्यांच्या धनगरवाड्यावर हे कुणाला सांगावं लागत नसे, म्हणून इथंही सांगावं लागेल हे सुचलंच नव्हतं. काडी लावतो... म्हणजे पाळणा नाही, आरसा नाही...

"मावशी, उठा की तिथून! हात नाय ना लावला?"

माझं हाय. दोनच शब्द सांगायचे होते.

"नाय," त्या म्हणाल्या, आणि गुडघा विसरून उठल्या, चार पावलं चालून त्या चौघांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. एकानं बुटाच्या टोकानं मेंढरू नालीत लोटलं आणि मग बूट मातीत घासला, कितीतरी वेळ घासला.

संध्याकाळी प्रांजलीनं विचारलं, "आजी, आजचं नेलं?"

"नेलं."

"नेणारं हसलं का?"

"नाय. भ्यालं."

प्रांजली खिदळली. वच्छलाबाईंना मात्र स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि त्यात दुःख नव्हतं. सहा वर्षं या जिन्यात चढउतार करताना कुणी त्यांना राम राम घातला नव्हता, समोरच्या फ्लॅटचं दार त्यांना बघून लागायचं. आज एका धडधाकट गड्याचा पाय त्यांच्या हातच्या लोकरीपुढं कचरला होता — हे चांगलं नव्हे, कळत होतं त्यांना, तरी लोकरीवर बोटं चालतच होती, नेहमीपेक्षा भराभर, नेहमीपेक्षा घट्ट...

सकाळपर्यंत बारावं पुरं होईल. ते बाकावर नाही ठेवायचं; कुठं ठेवायचं, हे त्यांनी प्रांजलीलाही सांगितलेलं नाही.