लेबलाला बोट लावू नका

मला टापटिपीचा रोग आहे. डब्यांची झाकणं एका रंगाची लागतात, रिळं रंगाप्रमाणे ओळीत लागतात, आणि कुणी एखादं रीळ इकडचं तिकडं केलं की माझं डोकं फिरतं. माझा नवरा राम याच्या बरोबर उलटा होता. तो असताना लोकांसमोर मी त्याला 'हे' म्हणायचे. आता राम म्हणते, रागवायला तो उरलेला नाही.

आष्टीत आमच्या पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन आहे. कॉम्प्युटरचं आहे, पण मालेगावहून जुनं आणलेलं, त्यामुळं ते अजून फ्लॉपीवर चालतं. लोक हसतात. मोबाइलच्या जमान्यात ही चौकोनी पाटी कुठून आणली, असं विचारतात. फ्लॉपीत डिझाइन भरायचं, फ्लॉपी मशीनच्या तोंडात घालायची, की सुई आपोआप मोर काढते, वेल काढते. डिझाइन करण्याच्या कामाला पंचिंग म्हणतात. ते राम करायचा. रंग मी सांगायचे आणि मशीन मी चालवायचे. मला पंचिंग ओ की ठो येत नाही.

चौदा वर्षांत त्यानं पंचावन्न डिझाइनं केली. एकेका फ्लॉपीवर एकेक, सगळ्या बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात. घरच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क दोन वर्षांपूर्वी जळाली तेव्हा तिथलं सगळं गेलं. कॉपी काढून ठेव, असं मी शंभरदा म्हटलं. तो म्हणायचा, फ्लॉप्या आहेत की.

फ्लॉप्यांवरची लेबलं तो बॉलपेननं लिहायचा. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरलेला. वर नंबर आणि नाव, खाली बारीक काहीतरी खरडलेलं, त्यावर तेलाचे डाग. मी कटकट करायचे. शेवटी गेल्या वर्षी माझं तोंड बंद करायला त्यानं दुरुस्त करून आणलेल्या कॉम्प्युटरवर एक छोटासा प्रोग्राम लिहिला. नंबर टाकायचा, नाव टाकायचं, चौकट निवडायची, की चिकट कागदावर लेबलं छापून येतात. बीडला त्यानं कधीकाळी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्याचा एवढाच उपयोग झाला. इतर बायकांना नवरे डोरलं करतात, मला लेबलाचा प्रोग्राम मिळाला. लेबलं मात्र त्यानं एकदाही छापली नाहीत. उद्या करू, म्हणायचा.

शिमग्यात एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

भादवा सरता सरता मी ते काम काढलं. त्याचं काम नीट लावून ठेवावं, एवढंच मनात होतं. दुसरं त्याच्यासाठी करण्यासारखं मला काही सुचत नव्हतं. नवी लेबलं बसवायची तर जुनी काढायला हवीत, म्हणून ओल्या फडक्यानं आणि नखानं मी त्याची लेबलं सोलायला बसले. समोर माझी सासू बायनाबाई वाती वळत होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. हे कावून काढायलीस, असं त्यांनी विचारलं. घाण झालीत म्हणून, असं मी सांगितलं. सोललेली लेबलं सुपात टाकली आणि सूप दाराबाहेर ठेवलं.

दोन दिवस छपाई चालली. प्रोग्रामच्या चौकटीत अठराच अक्षरं मावायची, म्हणून मी नंबराखाली फक्त नावं घातली. 'मोर मोठा पाठीचा', 'वेल बारीक', 'कमळ जोडी'. त्यानं खाली काय खरडलं होतं ते मी वाचलंसुद्धा नाही. चोपन्न लेबलं निळ्या चौकटीत अशी देखणी आली की मला भरून आलं. पंचावन्नावी फ्लॉपी मशीनमध्येच होती, रोजची कुयरीची. ती नंतर करू म्हणून तशीच ठेवली.

पण त्या प्रिंटरची शाई कच्ची. ओलं बोट लागलं की पसरायची. मी आत्यांना बजावलं, लेबलाला बोट लावू नका. जरा जोरातच बजावलं. चार दिवसांनी त्यांनी खंडेनवमीचं विचारलं. दरवर्षी राम मशीन पुसायचा, आत्या हळदकुंकू वाहायच्या, झेंडूचा हार घालायच्या. मी म्हटलं, घरातला माणूस जाऊन वर्ष झालं नाही, सण कसला करता. त्या उठून आत गेल्या.

दसऱ्यानंतर चकलांब्याची वनमाला आली. रामनं तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात ब्लाउजच्या पाठीवर मोर काढून दिला होता. अख्खा तालुका बघायला आला होता म्हणे. वनमालाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं आणि तिला तोच मोर हवा होता. तिनं मोबाइलवर बहिणीचा फोटो दाखवला. पदराआड मोराची शेपटी तेवढी दिसत होती. मी म्हटलं, फोटो कशाला, मोर माझ्या डब्यात आहे. रामला जाऊन सात महिने झाले होते आणि त्याचा मोर अजून कुणाला तरी हवा होता, याचं मला केवढं अप्रूप वाटलं.

ती गेल्यावर कुयरीची फ्लॉपी काढली आणि मोराची सात नंबर घातली. मशीन करकरलं. पडद्यावर चूक आली. फुंकर मारून पुन्हा घातली. पुन्हा करकर. मग मी आठ नंबर घातली, नऊ घातली. वीसपर्यंत गेले, एकही उघडेना. उत्तरेश्वर म्हणून बीडचा मेकॅनिक आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, वैनी, हात लावू नका, उद्या पहिल्या गाडीनं येतो. पण हात कसा आवरायचा? एक तरी उघडेल, एक तरी, असं म्हणत मी संध्याकाळपर्यंत चोपन्नच्या चोपन्न घातल्या. मोर तर चार वेळा घातला. शेवटी शेवटी मी मशीनशी बोलत होते, रामला शिव्या देत होते, देवाला नवस बोलत होते. जेवले नाही. आत्यांनी दोनदा ताट झाकून ठेवलं.

सकाळी उत्तरेश्वर आला. त्यानं सात नंबर हातात घेतली आणि तिचं पत्र्याचं झाकण अंगठ्यानं सरकवलं. आत जी काळी चकती असते, तिच्यावर लाल रेघ ओढलेली होती. त्यानं आठ नंबर उघडली, नऊ उघडली. सगळीकडं लाल.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "हे कुंकू हाय."

शिमग्यापासून आमच्या घरात कुंकवाचा करंडा कोणी उघडला नव्हता. निदान मला तरी तसं वाटत होतं.

तो दिवसभर बसला. स्पिरिटनं मशीनचं तोंड साफ केलं, कापसानं चकत्या पुसल्या, एकेक घालून पाहिली. कुयरी तेवढी चालली. बाकी चकत्यांवर गोल ओरखडे पडलेले. निघताना त्यानं चप्पल घालता घालता सांगितलं ते मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. नुसतं कुंकू असतं तर धुऊन काढता आलं असतं. मशीननं ते घासलं म्हणून गेलं. पहिलीवर थांबला असतात तर बाकीच्या वाचल्या असत्या, म्हणाला. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, जाऊ द्या, तुमाला तरी काय माहीत.

मी तशीच आत गेले. आत्या देवापुढं बसल्या होत्या.

"आत्या, फ्लॉप्यांना कुंकू तुमी लावलं?"

"लावलं की," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी सणाचं विचारते आहे. "सण करू नगं म्हणलीस, म्हून हार न्हाई घातला. पन त्याची हत्यारं हायेत. वर्साचा एक दिस, उपाशी कशी ठिवायची? तू म्हणलीस लेबलाला बोट लावू नका. म्हून त्ये झाकण सरकवून आत लावलं. जीव आतच आसतोय न्हाई का. लेबलाला न्हाई लागू दिलं. बघ पायजे तर."

खरंच, चोपन्नांपैकी एकाही लेबलावर डाग नव्हता.

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मला कुठं थांबता येतं? मी म्हणाले, "तो एकदा नगरला मेला. उरला होता तो तुमी मारला."

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग फ्लॉप्यांचं काय झालं, ते विचारलं. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. मशीननं घासल्याचं, माझ्या हातून घासल्याचंही सांगितलं, कारण खोटं बोलायचंसुद्धा त्राण नव्हतं. आत्या रडल्या नाहीत. भिंतीला धरून उठल्या, त्यांच्या पेटीतून मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं आणि माझ्यापुढं उलटं पसरलं.

कोऱ्या बाजूवर रामची लेबलं चिकटवलेली होती. भाताच्या शितानं, ओळीत, माझ्यापेक्षा नीट. काही उलटी लागली होती. आत्यांना वाचता येत नाही.

"तू सुपात टाकलंतीस," त्या म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यात. पन त्याचं अक्षार हाय, एवढं कळतं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. मी खाली बसले. त्याचं अक्षर मी माझ्या नखानं सोललं होतं, तर दोष कुणाला द्यायचा?

आता आष्टीत जिच्या तिच्या बाहीवर एकच कुयरी दिसते, ती माझ्याकडची. पण त्या संध्याकाळी एवढा पुढचा विचार मला नव्हता. आत्या एकेका लेबलावर बोट ठेवून, ह्यात काय लिव्हलंय, असं विचारत होत्या आणि मी वाचून दाखवत होते. नावाखाली जे बारीक खरडलेलं होतं, जे माझ्या अठरा अक्षरांत मावलं नव्हतं, ते मी पहिल्यांदाच वाचत होते. कुठं टाक्यांचा आकडा, कुठं रंगांचा क्रम. कमळाखाली लिहिलं होतं: 'गुलाबी नको, धनू चिडते.' धनू म्हणजे मी.

मग त्यांचं बोट सातवर आलं. ते उलटं लागलेलं होतं, म्हणून मी कॅलेंडर फिरवलं.

"मोर," मी वाचलं. "आधी हिरवा, मग सोनेरी. डोळ्याचा रंग धनूला विचारणे."

आत्यांनी बोट तिथंच ठेवलं. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच जरा उजेड आला.

"मग सांग की," त्या म्हणाल्या. "कोंचा व्हता?"

त्यानं विचारलं असणार. मीही काहीतरी सांगितलं असणार, फोडणी घालता घालता, मान वर न करता. मी रिळांच्या फळीकडं पाहिलं. सगळी रिळं रंगाप्रमाणे ओळीत लावलेली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक रंग पाहिला, परत पहिल्यापासून पाहिला.

मला आठवेना.