पटावरचं नाव

"श्यामसुंदर नगरकर," मी यादीतलं सातवं नाव वाचलं.

"प्रेझेंते," मागच्या खुर्चीतून उत्तर आलं.

बाकीची पोरं हसली. कंपनीच्या भरतीत 'येस मॅम' म्हणतात. 'हजर', तेही इटालियनमध्ये, कोण म्हणतं? मी मान वर केली नाही. आवाज ओळखीचा होता.

नगरकर सर विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला इटालियन साहित्य शिकवायचे, कंत्राटावर. आमच्या वर्षी अकरा जणांनी नावं घातली होती. त्यातले सहा हिंजवडीच्या कंपन्यांनी उचलले, पाच उरलो. पाचाच्या खाली गेलं की वर्ग बंद, असा नियम. तरी सर रोज अकराही नावं घ्यायचे आणि प्रत्येक नावानंतर जरा थांबायचे. मी एकदा वैतागून म्हणाले, "सर, ते गेले ना."

"माहितीये. नाव पटावर आहे. आपल्याला घाई असेल तर आपलं आधी घेतो."

दिवाळीआधी मला याच कंपनीचं पत्र आलं. इटलीतल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर सोडवायच्या, ड्यूटी दुपारी एक ते रात्री दहा. वर्ग संध्याकाळचा. मी सांगायला गेले तेव्हा सर म्हणाले, "अभिनंदन. आजचं पान तेवढं संपवून जा." संपवलं. दिवाळीनंतर वर्ग बंद झाला, वर्गाबरोबर सरांचं कंत्राटही. पाचवी मी होते. वाईट वाटायला हवं होतं. नवी शिफ्ट, नवी स्कूटर, त्या गडबडीत ते राहूनच गेलं.

आज चार वर्षांनी परीक्षा घेणारी मी. खोटा कॉल, इटालियनमध्ये: मी चिडलेलं गिऱ्हाईक, माझा फ्रिज बिघडलाय, आणि उमेदवारानं चार मिनिटांत फोन संपवायचा.

सरांनी आधी मी कुठल्या गावची ते विचारलं. मग माझी सगळी तक्रार ऐकून घेतली. असं कोणी ऐकत नाही. फ्रिजमध्ये काय खराब झालं, तेही विचारलं. मी म्हणाले, मासे. ते म्हणाले, आधी टाकून द्या, जीव महत्त्वाचा, फ्रिजचं मग बघू. कामापलीकडचं इटालियन माझ्याशी कोणी बोलून वर्षं झाली होती. मी घड्याळ बघायची विसरले. योगेशनं काचेवर टकटक केली तेव्हा नऊ मिनिटं झाली होती.

"लँग्वेज सॉलिड आहे मॅम," योगेश म्हणाला. तो एचआरचा. "पण हे दिवसाला वीस कॉल पण नाही करणार. आणि एज बघा ना. तरी तुम्ही सांगाल तसं."

मी सांगितलं असतं तर घेतलं असतं. कागदावर नवाचे चार करायला काय लागतं? पण टार्गेट माझ्या टीमचं होतं. मी सातव्या नावावर रेघ मारली.

बाहेर सर कागदी कपातला चहा संपवत होते.

"सर, ते..."

"नऊ मिनिटं झाली. भिंतीवरचं घड्याळ मलाही दिसतं." त्यांनी कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. "चांगलं चिडता हो आपण. वर्गात तोंड उघडायला पंधरा दिवस लावले होतेत." सर्टिफिकेटांची फाईल काखेत मारून ते बस स्टॉपकडे निघाले.

आत येऊन मी पुढच्या फेरीची यादी वाचली. चार नावं होती, चौघांनीही 'येस मॅम' म्हटलं. मग मी आधीच्या यादीतलं, रेघ मारलेलं सातवं नाव वाचलं आणि थांबले.

"ते गेले मॅम," योगेश म्हणाला.

"माहितीये," मी म्हणाले, आणि आणखी थोडी थांबले.