पानामागची घरं

साहेबांनी ‘अतिक्रमण’ हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारला तेव्हा माझ्या हातातली सुरी टेबलावर आपटली गेली. मुद्दाम आपटली, खोटं कशाला बोलू.

मी दफ्तरखान्यात कोपऱ्यातल्या लांब टेबलाशी बसते. फाटक्या जुन्या वह्या दुरुस्त करणं हे माझं काम. आधी ते माझ्या वडिलांचं होतं. गावात मला सगळे खळबाई म्हणतात, कारण माझ्या कपड्यांना कायम खळीचा वास येतो. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, एवढ्यावर माझा संसार चालला. साहेबांचं टेबल माझ्यापासून दहा पावलांवर. त्यामुळे तिथे कोण रडलं, कोण भांडलं, कोणाच्या तोंडाला पानं पुसली गेली, ते मला बसल्या जागी ऐकू येतं. सहसा मी मान वर करत नाही. त्या दिवशी केली, कारण समोर इस्त्रीवाली उभी होती.

इस्त्रीवाली आणि मी एकाच वयाच्या. लहानपणी एकाच विहिरीवर भांडलोय. ती मागच्या आळीत राहते आणि अर्ध्या गावाचे कपडे तिच्या हाताखालून जातात. या कार्यालयाचे पडदेसुद्धा. त्या मागच्या आळीतली आठ घरं पाडायची ठरली होती. का, तर गावाचं संग्रहालय व्हायचंय आणि त्याला ऐसपैस अंगण हवंय! गावाचा जुना इतिहास जपायचा म्हणून गावातली जुनी माणसं उठवायची. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला समोर बसवून मला एकदा विचारायचं आहे की बाबा रे, तू सकाळी आरशात बघतोस तरी कसा?

नियम असा होता की नव्वद वर्षांपूर्वीच्या घरनोंदवहीत ज्याचं घर सापडेल त्याला हात लावायचा नाही. बाकीचे अतिक्रमण. आणि यादी त्याच दिवशी चार वाजता वर जायची होती.

“मावशी, कॉम्प्युटरवर नाही तुमचं घर,” साहेब म्हणाले. “मी तरी काय करू?”

“माझ्या आजोबांनी बांधलंय ते साहेब. माझा बाप तिथं जन्मला.”

“असेल हो. पण रेकॉर्डवर नाही.”

“मग आम्ही काय रात्रीतून उगवलो का तिथं?”

साहेबांनी खांदे उडवले. वाईट माणूस नव्हे तो. पण अंगावर काही येऊ न देता नोकरी करायची, ही कला त्याने अशी साधली होती की बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“कॉम्प्युटरला काय विचारताय?” मी उठले. “मूळ वही आहे माझ्या कपाटात. ती बघा.”

ती वही मी दोन्ही हातांनी आणली. आणताना मला जरा ऐट आली होती, हेही सांगून टाकते. तीस वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पानांचे हात लावला की तुकडे पडत होते. मी एकेक पान सोडवलं, त्याच्या पाठीला जाड कागदाचं अस्तर लावलं, पुन्हा शिवलं, नवे पुठ्ठे चढवले. दोनशे बारा पानं, आठ महिने. संग्रहालयात काचेच्या पेटीत पहिली हीच वही मांडणार होते. जो येईल त्याला मी सांगायचे, ही माझ्यामुळे जगली.

आम्ही तिघं वहीवर वाकलो. रस्त्याकडेची सगळी घरं ओळीने होती. तेलाच्या घाणेवाल्याचं, वैद्याचं, शिंप्याचं. एका पानावर एक घर, खाली जांभळा शिक्का. मागच्या आळीतलं एकही नाही.

“बघा,” साहेब म्हणाले.

इस्त्रीवालीने घाणेवाल्याच्या पानावर बोट ठेवलं नाही, नुसतं वरून धरलं. “याच्याच परसात आमचं घर. आजोबा पाणक्या होते, याच्याकडे पाणी भरायचे. नोंद झाली तो दिवस त्यांनी मला शंभर वेळा सांगितलाय. कारकून घाणेवाल्याच्या ओट्यावर बसलेला. घाणेवाल्याचं लिहून झालं. मग त्याने पान उलटलं आणि आजोबांना हाक मारली. घरात माणसं किती? आजोबांनी पाच बोटं दाखवली. ते त्याने लिहिलं.”

“मग पुढच्या पानावर असायला हवं,” साहेब म्हणाले. पुढच्या पानावर वैद्य होता.

“पुढचं नाही हो. हेच पान उलटलं. पाठीमागं लिहिलं.”

साहेबांनी पान उलटलं. मागे माझं अस्तर. स्वच्छ, पिवळसर, कोरं.

मी त्या अस्तरावरून अंगठा फिरवला.

मला सगळं आठवलं, आणि नीट आठवलं. तीस वर्षांपूर्वी मी तेव्हाच्या हेडक्लार्कसमोर हेच टेबल धरून उभी होते. म्हटलं, साहेब, पानांच्या मागेही काहीतरी लिहिलंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “मागचं कच्चं आहे,” म्हणाले. “चिकटव त्यावरच.” आणि मी चिकटवलं. दोनशे बारा वेळा ब्रश फिरवला. आता तो कारकून कसा लिहीत होता ते माझ्या लक्षात आलं. रस्त्यावर ज्याचं दार, तो पानाच्या पुढे. त्याच्या परसात राहून जे त्याचं पाणी भरायचे, लाकडं फोडायचे, ते त्याच पानाच्या मागे. कच्चं बिच्चं काही नव्हतं. अर्धं गाव होतं ते.

“अस्तराखाली आहे,” मी म्हणाले. “मी झाकलंय.”

मी वही खिडकीशी नेऊन ते पान उजेडात धरलं. आत ओळींच्या सावल्या दिसत होत्या. सात ओळी. अक्षर मात्र एक लागत नव्हतं.

“सावली म्हणजे काही पुरावा नव्हे,” साहेब म्हणाले.

“मग अस्तर काढते. ओलं करून निघतं. अर्धा तास लागेल.”

साहेब ताडकन उठले. “सरकारी रेकॉर्ड भिजवणार? आज? अहो, या वहीला उत्तम स्थितीचं प्रमाणपत्र आहे! शिक्का पसरला तर? अर्ज करा, वरून परवानगी येऊ दे, महिना-दीड महिन्यात—”

“यादी चार वाजता जाणार ना?”

“ते वेगळं खातं आहे.”

वेगळं खातं! घर पाडायला चार वाजताची वेळ आणि घर शोधायला दीड महिना. आणि दोन्ही कागदांवर सही याच माणसाची, एकाच पेनाने. माझा आवाज चढला. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. चार पिढ्या तुमचं पाणी भरलं, तुमचे कपडे कडक केले, आणि आज तुम्ही यांना ओळखत नाही म्हणता, लाज कशी वाटत नाही, असं बरंच. शिपाई दारातून डोकावून आल्या पावली परत गेला.

साहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खणातून एक फाइल काढली आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. गेल्या वर्षी वह्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवले, तेव्हाचा दाखला. ‘घरनोंदवही, पाने दोनशे बारा. मागील बाजू कोरी.’ खाली सही.

“हे अक्षर कोणाचं?” साहेबांनी विचारलं.

माझं होतं. फोटो काढणाऱ्या माणसाने विचारलं होतं, बाई, मागची बाजूही घ्यायची का? आणि मी तोऱ्यात म्हणाले होते, मागे काही नाही, माझंच अस्तर आहे ते. झाकलेलं मी विसरून गेले होते. आपलं काम इतकं बेमालूम झालं की त्याच्याखाली काय आहे तेच मला आठवेना. साहेबाला शिव्या घालायला माझं तोंड उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं.

इस्त्रीवाली माझ्याकडे बघत होती. तिला मी बसायला स्टूल दिलं आणि टिपकागद काढला.

“बाई, मी परवानगी दिलेली नाही,” साहेब म्हणाले.

“नाही दिलीत. तसं लिहून ठेवा. भिजवलं कोणी, तर मी. जबाबदारी माझी.”

आधी शिक्क्याच्या कडेला पाण्याचा एक थेंब सोडून बघितला. जुनी काळी शाई कागदात पार मुरलेली, ती जागची हलेना. जांभळी मात्र लगेच फुटली. म्हणजे शिक्का जाणार. जाऊ दे. मी टिपकागद कोमट पाण्यात भिजवून पिळला, अस्तरावर पसरला, वर काच ठेवली. मग नुसतं थांबायचं. खळीला घाई केली की ती कागदासकट सुटते. अर्धा तास साहेब येरझाऱ्या घालत होते, पण माझा हात त्यांनी धरला नाही, एवढं त्यांच्या बाजूने बोललं पाहिजे.

बाराला पाच कमी असताना मी बोथट सुरीने कोपरा उचलला. अस्तर हळूहळू, सलग निघालं. खाली तेच अक्षर, तोच कारकून, तितकीच काळी शाई. मी मोठ्याने वाचलं.

“पाणक्या. घर एक, मातीचं, दार पूर्वेला. विहिरीपासून तीस पावलं. माणसं पाच. पाणक्या, त्याची आई, बायको, मुलगी, तान्हा मुलगा.”

“तान्हा म्हणजे माझा बाप,” इस्त्रीवाली म्हणाली. तिने पदर नाही, बोटंच तोंडावर दाबून धरली होती.

साहेब जवळ आले. वाचलं, पुन्हा वाचलं. आणि मग काय म्हणाले असतील? “यात नाव कुठे आहे? पाणक्या म्हणजे कोणीही असू शकतो.”

मी पान उलटलं. “पुढे काय लिहिलंय वाचा. ‘घाणेवाला. घर एक, दगडी.’ त्याचं तरी नाव कुठे आहे? त्याच्या नातवाला विचारलंत का कधी, की बाबा, घाणेवाला म्हणजे कोणीही असू शकतो?”

साहेबांनी खुर्चीत बसून चष्मा पुसला, आणि फार वेळ पुसला.

“लेखी द्यावं लागेल,” ते शेवटी म्हणाले. “गेल्या वर्षीचा दाखला खोटा होता म्हणून. तुमच्या सहीने. त्याच्यावर चौकशी लागेल बाई. काम जाईल तुमचं.”

मी लिहून दिलं. चार ओळीच झाल्या. हेडक्लार्कचं नाव घालावं असं मनात आलं होतं. तो माणूस मरून वीस वर्षं झाली, त्याच्यावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. पण ब्रश त्याच्या हातात नव्हता. मी लिहिलं, मागे मजकूर असल्याचे मला दिसले होते व तो मी स्वतः झाकला.

साहेबांनी पानाचा फोटो काढला, यादीत नोंद केली, आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, “मावशी, तुमचं झालं. जा आता घरी.”

ती उठली नाही. मला वाटलं आता ही माझे हात हातात घेईल, निदान बरं केलंस असं काही म्हणेल. खरं सांगते, मी वाट बघत होते.

“तू तेव्हा हे वाचलं होतंस?” तिने विचारलं.

“नाही गं. आत्ता पहिल्यांदा वाचलं.”

“पण वाचता येत होतं ना तुला?”

“येत होतं.”

“मला येत नाही,” ती म्हणाली. “माझ्या बापाला येत नव्हतं. आम्हाला दाखवली असती वही, तरी कळलं नसतं काही. आणि तू आठ महिने रोज एकेक पान हातात घेऊन बसली होतीस. मी इथले पडदे घेऊन यायची तेव्हा. तुझ्या या टेबलापाशी उभी राहून गप्पा मारायची मी. आमचं घर तुझ्या हाताखाली होतं, आणि तू एक ओळ वाचून बघितली नाहीस.”

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती आणि साहेबावर मी सकाळपासून जेवढी आग पाखडली होती तिच्यातली ठिणगीभरही मला आता कुठे ठेवता येईना. साहेब निदान कागद वाचून नाही म्हणत होता. मी तर वाचलाच नव्हता.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “चुकलं.”

तिने स्टूल टेबलाजवळ ओढलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. आळीतली सात घरं अजून अस्तराखाली होती. घाणेवाल्याच्या पुढे वैद्य, मग शिंपी, मग आणखी पाच. एका वेळी दोन पानं धरली तर चारच्या आत होत होती.

“शिंप्याच्या मागं लाकूडफोड्याचं घर,” इस्त्रीवाली म्हणाली. “त्याची म्हातारी सून घरी बसून रडतेय. ते पान घे. आणि काढलंस की मोठ्याने वाच, मला प्रत्येक शब्द ऐकायचाय.”

मी टिपकागद पाण्यात बुडवला.