आत कोणी नाही

मी बोलायला फटकळ आहे, हे अख्खं बंदर जाणतं. त्या दिवशी सकाळी घरातून निघतानासुद्धा मी बारक्याला फाडफाड बोलले होते. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. अंगाने इतका दांडगा की दाराच्या चौकटीला डोकं आपटतं, पण घरात अजून बारक्याच. हा इलेक्ट्रिशियन, आणि आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब गेलेला तो गेलेलाच. आई मोबाइलच्या उजेडात भाजी चिरते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरी. मी त्याला बजावलं, आज बल्ब लावला नाहीस तर मला तोंड दाखवू नकोस. तो हसला आणि माझ्या डब्यातली पोळी उचलून खात खात जिना उतरला.

आम्ही दोघंही बंदरावरच कामाला. मी क्रेन चालवते. म्हणजे पूर्वी उंच केबिनमध्ये बसून, मान मोडून घेत चालवायचे. आता यार्डातल्या क्रेन आपापल्या चालतात. आम्ही चारपाच जण ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर एसीत बसून स्क्रीन बघतो आणि एखादी क्रेन अडली तरच हात घालतो. स्क्रीनवर उजेड पडतो म्हणून खिडकीचा पडदा कायम खाली. बाहेर खरंखुरं यार्ड आहे, हे जेवायला खाली उतरलं तरच आठवायचं.

यार्डात कंटेनरच्या, आमच्या भाषेत डब्यांच्या, लांबच लांब रांगा आहेत आणि त्यांच्याभोवती उंच जाळी. जाळीच्या आत क्रेनचं राज्य, माणसाने पाऊल टाकायचं नाही. फक्त बारक्यासारख्या लोकांना जावं लागतं, कारण मासे, फळं, औषधं भरलेल्या थंड डब्यांच्या वायरी जोडायला माणूसच लागतो. त्यासाठी गेटला कार्ड लावायचं. कार्ड लागलं की क्रेनला कळतं, आत माणूस आहे, आणि ती त्या भागात फिरकत नाही. बाहेर पडताना परत कार्ड लावलं की ती मोकळी. क्रेनच्या डोळ्याला डबा कळतो, माणूस कळत नाही. माणूस तिला कार्डानेच कळतो.

बारक्या आधी जहाजावर डबे बांधायच्या कामावर होता. तिथे त्याच्या जोडीदाराचा पाय गेला, तेव्हापासून हा घरी येईपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. शेवटी मीच साहेबांच्या मागे लागून त्याला इकडे आणलं. आईला सांगितलं, इथे तो आत असेपर्यंत क्रेन जवळसुद्धा येत नाही, तू निर्धास्त राहा. माझ्या शब्दावर आई निर्धास्त राहिली.

आमच्या कॉम्प्युटरांची राखण करायला एक माणूस आहे, त्याला सगळे पासवर्डराव म्हणतात. बिचारा दिसेल त्याला पासवर्ड बदला म्हणून विनवत फिरतो. त्याने आम्हाला दुसऱ्या कुठल्याशा बंदराची गोष्ट सांगितली होती. चोर कॉम्प्युटरमधून आत शिरले, सगळं कुलूपबंद करून बसले, जहाजं बाहेर ताटकळली, थंड डब्यांतला माल कुजला. अशा वेळी विचार करत बसू नका, आधी सगळ्यांना सिस्टीमबाहेर काढायचं, मग चोर शोधायचा, असं त्याने घोकून घेतलं होतं. आम्ही वरवर हसलो, पण शेजारी चोरी झाली की आपणही आपलं कुलूप ओढून बघतोच. तेव्हापासून प्रत्येकाच्या मनात ती धास्ती होती.

त्या सकाळी माझे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते, आणि स्क्रीनवरचा बाण हलला.

आधी वाटलं, माऊस टेबलावर घसरला असेल. पण बाण सरळ रेषेत चालत गेला, क्रेनची माहिती उघडली आणि तिथे आकडे बदलू लागला. सावकाश, घरच्या माणसासारखा. आपण जागेवर बसलेलो असताना आपल्या हातून दुसरंच कुणी काम करतंय, ही भीती कशी असते ते मला सांगता येणार नाही. मी पाय वर घेतले, टेबलाखाली कुणी असल्यासारखे. शेजारच्या टेबलावरच्या काकांच्या स्क्रीनवरही तोच प्रकार. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

पासवर्डराव धावत आला, स्क्रीन बघून पांढराफटक पडला. सगळ्यांना बाहेर काढू का, असं त्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, वर फोन करून विचारतो. हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

"चोर घरात फिरतोय आणि तुम्ही परवानगी कसली मागताय? हाकल सगळ्यांना. आत्ताच्या आत्ता."

पासवर्डरावने माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि हाकललं. एकेक करत सगळे स्क्रीन काळे झाले. बाण गेला. आधी काका हसले, मग आम्ही सगळेच हसलो, घाबरलेली माणसं हसतात तसे. पासवर्डराव कपाळ पुसत म्हणाला की आता एकही पासवर्ड चालू नाही, एकही कार्ड चालू नाही, सगळं रद्द.

"कार्डं पण?" मी विचारलं.

"सगळीच."

माझं हसू तिथेच थांबलं. बारक्या सकाळपासून जाळीच्या आत होता. तो आत आहे हे क्रेनला सांगणारं एकच होतं, त्याचं कार्ड. ते आता नव्हतं. म्हणजे क्रेनच्या हिशेबी आत कुणीही नव्हतं.

काका म्हणाले, अगं, सगळंच बंद आहे तर क्रेनही बंदच असणार. पण क्रेनच्या पोटात तिचा वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो. ऑफिसशी संबंध तुटला तरी हातातली कामं ती पुरी करते. तो बसवला तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या. मी खिडकीकडे गेले आणि पडदा इतक्या जोरात ओढला की दांडीसकट खाली आला.

क्रेन चालत होती. एक डबा उचलून शांतपणे थंड डब्यांच्या बाजूला निघाली होती.

टेबलावरचं बंद करायचं बटण दाबलं, ते सिस्टीममधूनच चालणारं, मेलेलं. बारक्याला फोन लावला. आत फोन न्यायला बंदी, त्यामुळे तो खालच्या कपाटात वाजत राहिला. मी जिन्याने पळत सुटले. गेटच्या खांबाला एक लाल बटण आहे, जुन्या पद्धतीचं, थेट क्रेनची वीजच तोडणारं. तेवढं एकच माझ्या डोक्यात होतं. यार्डात पायी पळायला मनाई आहे, ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त वर बघत होते. डबा माझ्या पुढे जात होता. आईला काय सांगू, एवढंच मनात येत होतं, आणि सकाळचं ते वाक्य. मला तोंड दाखवू नकोस.

बटणावर प्लास्टिकचं झाकण होतं. ट्रकवाले घंटी समजून दाबतात म्हणून साहेबांनी ते स्क्रू लावून पक्कं करून घेतलं होतं. किल्लीही नाही, स्क्रू. मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि झाकणावर मारत सुटले. आपल्या तोंडून काय शिव्या बाहेर पडतायत याचं भान नव्हतं. झाकण फुटलं, बोटं फाटली, मी तळहात बटणावर ठेवून अंगाचा सगळा भार टाकला.

क्रेन किंचाळून थांबली. डबा हवेत झोके घेत राहिला.

मी बारक्याला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. थंड डब्यांचे पंखे घोंघावत होते, बाकी काही नाही. त्या क्षणी माझा भाऊ मेला असं मी धरून चालले. मी बटणाच्याच आधाराने उभी होते.

मग लटकत्या डब्याच्या बरोब्बर खालच्या रांगेतून तो बाहेर आला. कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं, हातात पाना. क्रेन का थांबली म्हणून वर बघत होता. वर बघितल्यावर त्याला कळलं. तो मागे सरकला आणि गेटकडे पळाला, कार्ड लावलं. गेटच्या पट्टीवर अक्षरं आली: आत कोणी नाही. गेट उघडेना. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. आतून उघडायला कडी ठेवलेली नाही. ज्याने हे गेट बनवलं त्याला एकदा आत कोंडायला हवं.

जाळीच्या पलीकडून बारक्याने विचारलं, "ताई, मला कुणी काढून टाकलं?"

मी बटणावरचा तळहात आणखी दाबून धरला.

तेवढ्यात साहेब आणि पासवर्डराव पोहोचले. पासवर्डरावने धापा टाकतच सांगितलं. चोर वगैरे कुणी नव्हता. क्रेन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर त्यांच्या ऑफिसातून दुरुस्ती करत होता. त्याने आदल्या दिवशी कळवलंही होतं, पण अनोळखी म्हणून तो मेल आमच्याच सुरक्षेने अडवला. साहेब पुटपुटले, चोर सोडून संन्याशाला सुळी. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं त्यांनी गिळलं. सुळी संन्याशाला नव्हतीच. ती आम्ही बारक्याला देत होतो, आणि हाकल म्हणून ओरडणारी मी होते.

आता घोळ असा की गेटचं कुलूपही क्रेनच्याच विजेवर चालतं, म्हणून लाल बटण सोडल्याशिवाय गेट उघडत नाही, आणि बटण सोडलं की क्रेनला वीज मिळते. पासवर्डराव म्हणाला, मी आधी याचं कार्ड चालू करतो, मग बटण सोडा, काही होणार नाही. साहेब म्हणाले, सिस्टीम आता शंभर टक्के सुरक्षित आहे, जहाज खोळंबलंय.

"त्या कार्डाच्या भरवशावर मी माझा भाऊ सोडू?" मी म्हणाले. "जाळी कापा."

साहेबांनी जाळीची किंमत काढली. मी काहीच बोलले नाही, नुसती उभी राहिले. मी गप्प बसले की लोकांना जास्त भीती वाटते. काका कुठूनतरी कटर घेऊन आले आणि स्वतःच कापायला बसले. बारक्या त्या भोकातून सरपटत बाहेर आला, शर्ट टराटरा फाटला, खांद्याला ओरखडा. माझ्याजवळ येऊन म्हणाला, ताई, झालं, सोड आता.

ते बटण एकदा दाबलं की आपोआप अडकून बसतं, धरून ठेवावं लागत नाही. मला ठाऊक आहे. नवीन लोकांना मीच ते शिकवते. तरी माझा हात निघेना. बारक्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. त्याचे हात बर्फासारखे गार होते.

आईला आम्ही काही सांगितलं नाही. शर्ट खिळ्याला अडकला म्हणालो. संध्याकाळी बारक्या न सांगता नवा बल्ब घेऊन आला आणि स्वयंपाकघरात स्टुलावर चढला. मी स्टूल दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. बल्ब बसला. तो वरूनच म्हणाला, "ताई, बटण दाब."

"आधी खाली उतर," मी म्हणाले.

तो हसला. म्हणाला, अगं, बल्ब तर लागलाय, मी नुसता वर उभा आहे, काय होणार आहे? आईही म्हणाली, दाब की गं, किती वेळ अंधारात ठेवतेस. मला सगळं कळत होतं, पण स्टूल सोडवेना.

"खाली उतर. माझ्यासमोर उभा राहा. मग दाबते."

तो उतरला आणि अंधारात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी त्याच्या दंडाला हात लावून बघितला, मग बटण दाबलं.